प्रतिकारशक्तीला आवर : किती आणि कुठवर

‘तोंड आलंय’ ही तक्रार मराठी घरात आजार म्हणून गणली जात नाही. उष्णता वाढली, जागरण झाले, पोट साफ नाही, अशी कारणे हाताशीच असतात. ज्येष्ठमध, तूप, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या हे उपायही. बहुतेक वेळा ते पुरतात, कारण आठ-दहा दिवसांत तोंड आपोआप बरे होते. पेम्फिगस व्हल्गॅरिस या आजाराची सुरुवात बहुतेक रुग्णांमध्ये इथेच, तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तरात होते आणि इथेच तो कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने, न ओळखता राहतो. आधी तिखट सोसत नाही, मग भाकरी चावता येत नाही, मग पाण्याचा घोटही नकोसा होतो. पुढे केव्हातरी छातीवर, पाठीवर, डोक्यात केसांखाली पाण्याने भरलेले ढिले फोड उठतात. ते सहज फुटतात आणि मागे सोललेली, ओली कातडी उरते. कोणी तिला नागीण म्हणते, कोणी कांजिण्या. ते दोन्ही विषाणूंचे आजार आहेत. पेम्फिगस संसर्गाने होत नाही, एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, आणि रुग्णाचे ताट-पेला वेगळा काढणाऱ्या घरांना हे ठासून सांगावे लागते. निदान झाल्यावर मात्र दुसरी भीती पुढे येते, आणि ती औषधांची असते. शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यायची, तीही महिनोन्‌महिने, म्हणजे आगीतून फुफाट्यात नव्हे काय? हे पुस्तक त्या प्रश्नाभोवती उभे आहे. भीती निराधार नाही. पण या औषधांनी होणारे नुकसान मुख्यतः तीन गोष्टींतून येते : उपचार उशिरा सुरू होतो, अर्धवट दिला जातो आणि शेवट न ठरवता लांबवला जातो. प्रतिकारशक्तीला आवर घालायचाच असेल तर तो वेळेवर, पुरेसा आणि मुदतीचा असावा, हे मला या प्रस्तावनेत पुराव्यानिशी मांडायचे आहे.

त्यासाठी आजाराचे मूळ कुठे आहे ते आधी पाहायला हवे. कातडीचा वरचा थर पेशींच्या अनेक पदरांचा असतो. या पेशी डेस्मोसोम नावाच्या अतिसूक्ष्म जोडण्यांनी एकमेकींना धरून असतात आणि त्या जोडणीत पकड देणारे एक प्रथिन म्हणजे डेस्मोग्लाइन. पेम्फिगसमध्ये शरीर या स्वतःच्याच प्रथिनाला परके समजते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. पकड सुटते, पेशी एकमेकींपासून विलग होतात, त्या फटीत पाणी साठते आणि फोड उठतो. तोंडाच्या अस्तराची मदार डेस्मोग्लाइन ३ वर असते. अंगावरच्या कातडीत डेस्मोग्लाइन १ चाही मोठा आधार असतो. म्हणून केवळ ३ विरुद्ध प्रतिपिंडे असलेल्या रुग्णाचा आजार बव्हंशी तोंडापुरता राहतो आणि दोन्हींविरुद्ध असलेल्याच्या अंगावरही फोड येतात. ही केवळ तर्काची मांडणी नाही. १९६४ साली अमेरिकेत बफेलो येथे अर्नेस्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे दाखवली. १९८२ मध्ये रुग्णांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडे उंदरांच्या नवजात पिलांना टोचली गेली आणि त्या पिलांच्या अंगावर तसेच फोड आले. निसर्गानेही हाच प्रयोग करून ठेवलेला आहे : आजारी आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे गेली तर बाळ फोड घेऊनच जन्माला येऊ शकते, आणि काही आठवड्यांत आईकडून आलेली ती प्रतिपिंडे संपली की बाळ पूर्ण बरे होते, पुन्हा आजारी पडत नाही. बाळाची कातडी निर्दोष होती. दोष आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचा होता. अंगावर पसरलेला पेम्फिगस नुसत्या मलमाने का हटत नाही आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या यंत्रणेलाच हात का घालावा लागतो, याचे याहून स्वच्छ उत्तर दुसरे नाही.

हात घालण्याचे पहिले साधन स्टेरॉइड. १९४९ साली अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णांवर कॉर्टिसोनचा गुण दिसला, पुढच्याच वर्षी त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि लवकरच ते पेम्फिगसच्या रुग्णांनाही देण्यात येऊ लागले. त्याआधी या आजाराची गत भयंकर होती. जुन्या नोंदींनुसार सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण वर्षभरात दगावत. सोललेल्या कातडीतून पाणी आणि प्रथिने झिरपत राहायची, तोंडातल्या जखमांमुळे खाणे बंद व्हायचे आणि शेवटी जंतुसंसर्ग रक्तात उतरायचा. स्टेरॉइडने हे चित्र पालटले. ज्या औषधाला आज घरोघरी शिव्या बसतात त्याने या एका आजारात किती जीव राखले हे विसरता कामा नये. पण या यशाच्या पोटातच पुढची अडचण होती. फोड दबत नाहीत म्हणून मात्रा वाढत गेली. १९७० च्या दशकात दिवसाला शंभर-दीडशे मिलिग्रॅमच्या वर, कधी त्याच्या दुपटीने, प्रेडनिसोन देणारे नामवंत तज्ज्ञ होते. मृत्यूचे प्रमाण उतरले, पण मृत्यूचे कारण बदलले. पूर्वी रुग्ण आजाराने जात, आता त्यातले बरेच उपचाराने जाऊ लागले : अनावर मधुमेह, रक्तदाब, जठरातला रक्तस्राव, हाडांचा ठिसूळपणा, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटणे, आणि सर्वांत जास्त म्हणजे जंतुसंसर्ग. ज्यांनी मात्रा कमी ठेवली त्यांना वेगळा पेच पडला. दहा-पंधरा मिलिग्रॅमवर रुग्ण बरा दिसतो, त्याखाली उतरले की फोड परत येतात, मात्रा पुन्हा चढते, आणि असे वर ना खाली करत वर्षे सरतात. आपल्याकडे ‘स्टेरॉइडवर आहे’ हा शब्दप्रयोग अशाच माणसांमुळे रूढ झाला असावा. त्यात रुग्ण जिवंत असतो, पण मोकळा कधी होत नाही.

या पेचातून सोडवण्यासाठी जी औषधे जोडीला आली त्यांचा इतिहास विलक्षण आहे. पहिल्या महायुद्धात १९१७ च्या जुलैत बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने मस्टर्ड वायू सोडला. तो कातडीवर मोठमोठे फोड उठवणारा वायू होता. त्याची बाधा झालेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही ढासळलेल्या आढळल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच रसायनाच्या भाऊबंदांचा उपयोग लसीका ग्रंथींच्या कर्करोगावर करून पाहण्यात आला आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत सायक्लोफॉस्फमाइड तयार झाले. फोड उठवणाऱ्या विषाच्या कुळातले औषध पुढे फोडांच्या आजारावर वापरले जाऊ लागले, कारण प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशीही पांढऱ्या पेशींच्याच घराण्यातल्या. दुसरे औषध अॅझाथायोप्रिन. ते गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आले, मूत्रपिंड रोपणात रुजले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पेम्फिगसमध्येही वापरात आले. दोघांना १९८८ चे नोबेल मिळाले. मागाहून मायकोफेनोलेटही या यादीत आले. या सर्वांची एक मर्यादा रुग्णाला आणि नातेवाइकांना आधीच सांगायला हवी, ती सांगितली जात नाही म्हणून किती तरी जण उपचार मध्येच सोडतात. ही औषधे नवी प्रतिपिंडे बनणे थांबवतात. रक्तात आधीच फिरणारी प्रतिपिंडे त्यांच्या कक्षेबाहेर असतात. अशा प्रतिपिंडांचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. त्यात अॅझाथायोप्रिनचा पूर्ण गुण दिसायला सहा-आठ आठवडे जातात. गोळी सुरू केली आणि पंधरा दिवसांत फोड थांबले नाहीत, तर गोळी निकामी ठरत नाही. तेवढ्या काळात ती पूर्ण गुण देऊच शकत नाही. तो मधला काळ स्टेरॉइडने आणि शुश्रूषेने निभावायचा असतो. शुश्रूषा हा शब्द मी भर घालण्यासाठी वापरलेला नाही. सोललेली पाठ चादरीला चिकटली की प्रत्येक कुशीला कातडी पुन्हा निघते, म्हणून आपल्याकडच्या वॉर्डांत अशा रुग्णाखाली केळीचे पान अंथरतात. ते मऊ, गार, न चिकटणारे आणि जवळपास फुकट असते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानांची मलमपट्टी अभ्यासून २००३ मध्ये तिचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे या साध्या पानाला शास्त्राच्या दरबारात जागा मिळाली.

जोडीच्या औषधांनी नेमके काय साधते याचा नेटका पुरावा तेहरानमधून आला. इराणमध्ये पेम्फिगसचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि तिथल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये १२० रुग्णांची चार गटांतली तुलना प्रसिद्ध केली : एका गटाला फक्त प्रेडनिसोलोन, बाकी तिघांना त्याच्या जोडीला अॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइड. वर्षाअखेर बरे झालेल्यांची संख्या चारही गटांत जवळपास सारखीच निघाली. वरवर वाचणारा यावरून जोडीची औषधे फोल ठरवील. पण खरा हिशेब दुसऱ्या रकान्यात होता. फक्त स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या पोटात वर्षभरात सरासरी साडेअकरा हजार मिलिग्रॅमहून अधिक प्रेडनिसोलोन गेले. अॅझाथायोप्रिनच्या गटात सुमारे सात हजार सातशे. तेवढाच गुण, पण स्टेरॉइड एक तृतीयांशाने कमी. या औषधांचे काम म्हणजे स्टेरॉइडचे ओझे उतरवणे, आणि त्यांचे मोल ठरवताना हाच निकष लावला पाहिजे. फोड किती दिवसांत बसले हे विचारणे सोपे आहे, नातेवाईकही तेच विचारतात. त्या दिवसांची किंमत हाडांनी आणि रक्तातल्या साखरेने किती मोजली, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

मुदतीची कल्पना या क्षेत्रात ठाशीवपणे मांडणारा माणूस दिल्लीचा होता, आणि याचा अभिमान वाटायला हरकत नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पेम्फिगससाठी ‘पल्स’ पद्धत रचली आणि १९८४ मध्ये तिचा पहिला अहवाल भारतीय त्वचारोग नियतकालिकात छापला. लागोपाठ तीन दिवस, रोज १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन सलाईनमधून. दुसऱ्या दिवशी त्यातच ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फमाइड. मग रुग्ण घरी, रोज सायक्लोफॉस्फमाइडची ५० मिलिग्रॅमची एक गोळी. आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा तेच. डेक्सामेथासोनची ती एका दिवसाची मात्रा साडेसहाशे मिलिग्रॅमहून अधिक प्रेडनिसोलोनच्या बरोबरीची, म्हणजे ऐकूनच धडकी भरावी अशी. पण ती महिन्यातून तीनच दिवस असल्याने रोजच्या स्टेरॉइडची ती सुपरिचित लक्षणे, गोल झालेला चेहरा, वाढलेले पोट, ठिसूळ हाडे, बरीच टळली. मला या पद्धतीत मात्रेपेक्षा तिची आखणी महत्त्वाची वाटते. चार टप्पे ठरवलेले होते. पहिल्यात फोड पूर्ण थांबेपर्यंत पल्स; दुसऱ्यात फोड थांबल्यावरही ठराविक पल्स, आधी सहा, पुढे नऊ; तिसऱ्यात वर्षभर फक्त गोळी; चौथ्यात काहीच नाही, नुसती देखरेख. उपचाराला शेवट आहे आणि तो अमुक ठिकाणी आहे, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगता येत होते. फोड गेल्यावरही उपचार का चालू ठेवायचे, हेही या आखणीतच होते : कातडी स्वच्छ दिसते तेव्हा रक्त स्वच्छ झालेले असतेच असे नाही. १९९५ मध्ये ३०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला आणि ही पद्धत देशभरच्या सरकारी रुग्णालयांत पसरली. औषधे स्वस्त, सलाईनची सोय सर्वत्र, महिन्यातून तीन दिवस रजा काढली की झाले. शेतमजुरालाही हे परवडण्याजोगे होते.

या पद्धतीवरचे आक्षेप मात्र गंभीर होते आणि त्यांना बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला शास्त्रीय होता : तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तीनशे रुग्ण बरे झाले हे खरे, पण दुसऱ्या उपचाराने त्यातले किती झाले असते हे त्यातून कळत नाही. २००५ मध्ये जर्मन डॉक्टरांनी ही तुलना केली, रुग्ण फक्त २२ होते, आणि पल्स पद्धत गोळ्यांच्या जुन्या पद्धतीहून सरस असल्याचे त्यात दिसले नाही. बावीस रुग्णांवरून अंतिम निवाडा होत नाही, हे जितके खरे तितकेच हेही खरे की आपण आपल्याच पद्धतीची मोठी, काटेकोर कसोटी वेळेत घेतली नाही. इतके रुग्ण, इतकी रुग्णालये, इतकी वर्षे हाताशी असताना ते व्हायला हवे होते. दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. सायक्लोफॉस्फमाइडमुळे बीजांडे आणि शुक्रपेशी कायमच्या निकामी होऊ शकतात, मूत्राशयातून रक्तस्राव होऊ शकतो, आणि एकूण मात्रा वाढली तर पुढे कर्करोगाचा धोकाही असतो. भारतीय रुग्णांत पेम्फिगस पाश्चात्त्य देशांच्या मानाने लवकर, बहुधा तिशी-चाळिशीत गाठतो, म्हणजे नेमका संसार मांडण्याच्या वयात. म्हणून मूल हवे असणाऱ्यांसाठी त्याऐवजी अॅझाथायोप्रिन वापरण्याची सुधारणा झाली, आणि ती योग्यच होती. तरीही लग्न न झालेल्या तरुणीला हा धोका स्पष्ट शब्दांत सांगितला गेला की सही घेतलेल्या कागदावरच राहिला, हा प्रश्न प्रत्येक वॉर्डाने स्वतःला विचारायचा आहे.

यानंतर रिटुक्सिमॅब आले. हे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत लसीका ग्रंथींच्या कर्करोगासाठी मान्य झाले होते. आधीची औषधे वाढणाऱ्या पेशींवर सरसकट घाला घालतात; हे एक प्रयोगशाळेत घडवलेले प्रतिपिंडच आहे आणि ते बी पेशींच्या पृष्ठभागावरच्या सीडी-२० या खुणेला जाऊन चिकटते. बी पेशींपासूनच प्रतिपिंडांचे कारखाने तयार होतात. कारखान्यांना, म्हणजे प्लाझ्मा पेशींना, ती खूण नसते, त्यामुळे त्या वाचतात. म्हणूनच लशींनी आणि जुन्या आजारांनी दिलेले संरक्षण बरेचसे टिकते. पेम्फिगसची प्रतिपिंडे मात्र उतरतात, यावरून ती अल्पायुषी पेशींकडून येत असावीत असे मानले जाते. फ्रान्समधील २५ रुग्णालयांत ९० नव्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. अर्ध्यांना नेहमीप्रमाणे भरपूर मात्रेत, वर्ष-दीड वर्ष प्रेडनिसोन. अर्ध्यांना रिटुक्सिमॅब आणि सोबत कमी मात्रेत, तीन ते सहा महिनेच प्रेडनिसोन. दोन वर्षांनी कोणतेही स्टेरॉइड न घेता पूर्ण बरे असलेले रुग्ण रिटुक्सिमॅबच्या गटात ४६ पैकी ४१ होते, दुसऱ्या गटात ४४ पैकी १५. कसोटी काय ठेवली होती हे पाहा : फोड गेले की नाही एवढेच नव्हे, औषध सुटले की नाही हेही. आणि प्रतिकारशक्ती दाबणारे जादा औषध दिलेल्या या गटात गंभीर दुष्परिणाम अधिक व्हायला हवे होते; ते २७ नोंदले गेले, फक्त स्टेरॉइड घेणाऱ्यांत ५३. जास्त औषधे दिलेला गट अधिक सुरक्षित राहिला, कारण त्याचे स्टेरॉइड लवकर संपले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी त्याला मान्यता दिली. २०२१ मध्ये मायकोफेनोलेटशी झालेल्या तुलनेतही स्टेरॉइडविना टिकून बरे राहिलेले रुग्ण ४० टक्के विरुद्ध १० टक्के असे निघाले. मात्र त्या चाचणीत गंभीर दुष्परिणाम रिटुक्सिमॅबच्याच बाजूला थोडे अधिक होते, २२ टक्के विरुद्ध १५ टक्के, आणि हा आकडा जाहिरातीत नसला तरी या पुस्तकाच्या वाचकाला ठाऊक हवा.

आता सर्वांत मोठा आक्षेप. क्षयरोग घरोघर असलेल्या देशात प्रतिकारशक्ती दाबायची? २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने काळी बुरशी पाहिली. मधुमेह आणि बेहिशेबी स्टेरॉइड एकत्र आले की काय होते ते नाशिकपासून नागपूरपर्यंतच्या रुग्णालयांनी सोसले. हा आक्षेप भावनेचा नाही, वस्तुस्थितीचा आहे, आणि त्याचे उत्तरही वस्तुस्थितीतच शोधले पाहिजे. धोके कोणते ते आपल्याला माहीत आहे आणि त्यातले बरेच आधी शोधता येतात. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीरात दडून असेल तर रिटुक्सिमॅबनंतर तो उसळून यकृत निकामी करू शकतो. एका साध्या रक्ततपासणीने तो आधी कळतो आणि प्रतिबंधक औषध देता येते. दडलेल्या क्षयासाठी छातीचा एक्स-रे आणि चाचण्या आहेत. आतड्यातले स्ट्राँगिलॉइड्स जातीचे जंत स्टेरॉइडखाली शरीरभर पसरू शकतात, म्हणून जंतांचे औषध आधी. न्यूमोनिया, फ्लू यांच्या लसी उपचारापूर्वी काही आठवडे घ्याव्यात. रिटुक्सिमॅबनंतर त्या नीट लागत नाहीत, हे कोविडच्या लशींनी नव्याने दाखवून दिले. अॅझाथायोप्रिनबाबत एक गोष्ट खास आपल्या लोकांची : एनयूडीटी-१५ या जनुकाचा एक बदल भारतीयांसह आशियाई लोकांत बऱ्यापैकी आढळतो आणि त्यात नेहमीच्या मात्रेनेही पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घसरतात, केस भराभर गळतात. पाश्चात्त्य पुस्तकातली मात्रा पहिल्याच दिवशी लिहून रुग्णाला दोन महिन्यांनी बोलावणे इथे परवडणारे नाही. थोड्या मात्रेने सुरुवात आणि सुरुवातीचे काही आठवडे दर आठवड्याला रक्त तपासणे, हे टाळता येत नाही. आणि उलट बाजूही बघा. उपचार न केलेल्या पेम्फिगसमध्ये जंतुसंसर्गापासून संरक्षण करणारी पहिली भिंत, म्हणजे कातडीच, पडलेली असते. औषध टाळले म्हणून रुग्ण संसर्गापासून सुरक्षित राहत नाही.

याच ओघात ‘इम्युनिटी वाढवा’ या सल्ल्याविषयी बोलले पाहिजे, कारण कोविडनंतर तो प्रत्येक रुग्णाच्या कानी पडतो. या आजारात प्रतिकारशक्तीची तूट नसते. ती चुकीच्या दिशेला वळलेली असते, आणि तिला चेतवणारी गोष्ट घेणे म्हणजे आगीत तेल. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. ती घेतल्यानंतर त्यांना स्वप्रतिकाराच्या धर्तीची यकृताची इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर हरकत घेतली आणि तो वाद आहे. पण ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या कातडीवर उठली आहे त्याने अशा वादाच्या निकालाची वाट बघत काढा पीत राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या बाजूने खर्चाचा आक्षेप येतो आणि तो खरा आहे. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती आणली, पुढे इतरही आल्या, किमती उतरल्या. तरी हातावर पोट असलेल्या घराला ती रक्कम एकदम उभी करणे जड जाते. म्हणून पल्स पद्धत आणि अॅझाथायोप्रिन यांना अडगळीत टाकणे मला मान्य नाही. पण हिशेब पूर्ण मांडावा. बदललेला खुबा, आयुष्यभराचे इन्सुलिन, मणक्याचे अस्थिभंग आणि बुडालेली मजुरी, हा स्वस्त स्टेरॉइडचाच खर्च आहे. तो फक्त दुसऱ्या वहीत लिहिला जातो.

एवढे वाचून कोणी असे समजेल की फोडांचा प्रत्येक आजार जोरदार औषधांनी दाबावा. तसे समजणाऱ्यासाठी शेजारच्याच आजाराचे उदाहरण आहे. बुलस पेम्फिगॉइड हा पेम्फिगसहून वेगळा आहे हे १९५३ मध्ये वॉल्टर लीव्हर यांनी दाखवले. तो मुख्यतः सत्तरीपुढच्यांचा आजार. फोड घट्ट, टचटचीत, आधी कित्येक महिने नुसती खाज. तोंड बहुधा वाचते. इथेही प्रतिपिंडेच, पण ती कातडीच्या दोन थरांमधल्या सांध्यावर हल्ला करतात. या आजारात फ्रान्समध्ये ३४१ रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तज्ज्ञांचीच समजूत उलटवली. आजार पसरलेल्या रुग्णांत तोंडाने प्रेडनिसोन घेणारे वर्षाअखेर ५८ टक्के जिवंत होते. अंगभर क्लोबेटासोल या स्टेरॉइडचे मलम लावणारे ७६ टक्के. म्हाताऱ्या शरीराला गोळी मारत होती. २०१७ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीतल्या चाचणीत डॉक्सिसायक्लिन हे साधे प्रतिजैविक प्रेडनिसोलोनसमोर उभे केले. सहा आठवड्यांत फोड आटोक्यात आले ते ७४ टक्क्यांत, प्रेडनिसोलोनने ९१ टक्क्यांत. पण वर्षभरातले गंभीर दुष्परिणाम १८ टक्के विरुद्ध ३६. फोड बसण्याचा वेग पाहिला तर स्टेरॉइड जिंकले. माणूस पाहिला तर डॉक्सिसायक्लिन. आठ दशके जगलेल्या आजोबांना आणि पस्तिशीतल्या बाईला एकच चिठ्ठी लिहून देता येणार नाही, आणि बायॉप्सी व कातडीतली प्रतिपिंडे दाखवणारी इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी करून नेमका आजार कोणता हे ठरवल्याशिवाय तर कोणतीच नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी ही तपासणी अजून सहज होत नाही, नमुना मोठ्या शहराला पाठवावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत ‘तोवर चालू ठेवा’ म्हणून स्टेरॉइड सुरू होते. ते सुरू करणे कधी अपरिहार्य असते. पण त्या ‘तोवर’ला तारीख नसते, रुग्ण तीच चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून वर्षभर गोळ्या घेत राहतो, आणि जेव्हा तज्ज्ञापर्यंत पोहोचतो तेव्हा आजाराइतकाच औषधाचाही रुग्ण झालेला असतो. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक औषधाची मात्रा, तपासण्यांचे वेळापत्रक, गरोदरपणात काय चालते आणि मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फमाइड का चालत नाही, हे सविस्तर आले आहे. कुटुंबाच्या डॉक्टरांना विनंती आहे की तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर आणखी एक बी-कॉम्प्लेक्स लिहून न देता रुग्णाला तपासणीसाठी पाठवा. आणि रुग्णांनो, उपचार सुरू होतील त्या पहिल्याच भेटीत विचारा : हे औषध केव्हा उतरवायचे, कसे उतरवायचे, आणि कधी थांबवायचे? उत्तर लिहून घ्या. ते मिळेपर्यंत मात्र स्टेरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नका. त्याने जीव जाऊ शकतो.